शंभर यार्डांचा खटला

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, गेटिसबर्गच्या रणांगणावर, सेमेटरी रिज नावाच्या लांबट टेकाडावर एक बुटका दगडी गडगा आहे. यादवी युद्धातल्या तीन दिवसांच्या लढाईच्या शेवटच्या दुपारी, ३ जुलै १८६३ रोजी, दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या रानातून चालत या टेकाडावर आले. दक्षिणेच्या जनरल पिकेट यांच्या नावावरून इतिहासात ही ‘पिकेटची चढाई’. गडगा जिथे काटकोनात वळतो त्या जागेला ‘अँगल’ म्हणतात. तिथेच जनरल लुईस आर्मिस्टेड तलवारीच्या टोकावर टोपी खोचून शेदोनशे माणसांनिशी गडगा ओलांडून आत शिरला, तिथेच कोसळला, आणि चढाई मोडली. आज त्या गडग्यापासून काही पावलांवर ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर कांस्याचा एक शिपाई उभा आहे. अंगावर झुआव्ह धाटणीचा आखूड डगला, हातातली बंदूक नळीकडून धरून लाठीसारखी उगारलेली. हे ७२व्या पेनसिल्व्हेनिया पायदळ रेजिमेंटचे स्मारक. त्याचे अनावरण ४ जुलै १८९१ रोजी झाले, आणि ते या जागी उभे राहिले ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला म्हणून. रणांगण सांभाळणाऱ्या संस्थेने ही जागा द्यायला साफ नकार दिला होता. तिचे म्हणणे असे की चढाईचा तडाखा बसला तेव्हा ही पलटण गडग्यावर नव्हतीच. ती मागे, टेकाडाच्या माथ्याजवळ होती. वादाचे अंतर शंभर यार्डसुद्धा नव्हते. माझे मत असे की तो निकाल इतिहास म्हणून कच्चा आहे, आणि तरीही पुतळा आहे तिथेच राहावा. ही दोन्ही विधाने एका तोंडाने कशी करता, हा प्रश्न कोणीही विचारील. तेव्हा ज्याला ती पटत नाहीत त्यालाच आधी बोलू देतो.

पूर्वपक्ष : तुम्ही निम्मा वाद सुरुवातीलाच सोडून दिलात, पण त्या निम्म्याचे वजन किती आहे ते वाचकाला कळू द्या. गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशन ही १८६४ पासूनची संस्था. लढाई संपून वर्षही झाले नव्हते तेव्हापासून ती रणांगणाची जमीन राखत आली. १८८०च्या दशकात उत्तरेकडची राज्ये आपापल्या पलटणींच्या स्मारकांना पैसे देऊ लागली. पेनसिल्व्हेनियाने १८८७ मध्ये कायदा करून प्रत्येक पलटणीला १५०० डॉलर दिले. आता प्रत्येक पलटणीला आपला दगड सर्वांत पुढच्या जागी हवा होता. तसे होऊ दिले असते तर सगळे दगड गडग्याच्या दोन-चार वाफ्यांत गोळा झाले असते आणि बाकीचे रान मोकळे पडले असते. म्हणून संस्थेने नियम केला, की स्मारक पलटणीच्या युद्धरेषेवर उभारायचे, म्हणजे लढाईच्या फळीत तिला जी जागा नेमून दिली होती त्या जागी. त्यापुढे ती कुठवर धावली हे सांगायचे तर वेगळी खूण करावी. यात कोणाचा अपमान नाही. या नियमामुळे गेटिसबर्गचे अख्खे मैदान पायी वाचता येणारा नकाशा झाले. ७२वी पलटण त्या दिवशी राखीव होती आणि तिची रेषा माथ्याजवळ होती, याबद्दल फारसा वादच नव्हता. ६९वी, ७१वी, ७२वी आणि १०६वी या चार पलटणींच्या फिलाडेल्फिया ब्रिगेडचे सेनानी जनरल अलेक्झांडर वेब यांनी साक्ष दिली, की मी या पलटणीला पुढे चालून जायचा हुकूम दिला तेव्हा ती हलली नाही. निशाणदाराच्या हातचे निशाण ओढून स्वतः पुढे न्यायचा प्रयत्न केला, तोही फसला. गडग्यावर शेवटपर्यंत टिकलेल्या ६९व्या पलटणीच्या अँथनी मॅकडरमॉट यांनी रणांगणाचे इतिहासकार जॉन बॅशेल्डर यांना पत्रांतून तेच कळवले, की ७२वी खाली आली ती काम जवळजवळ उरकल्यावर. एवढे असूनही ७२व्या पलटणीच्या समितीतले कॅप्टन जॉन रीड १८८८च्या अखेरीस गडग्याजवळ पाया खणायला गेले. अतिक्रमण म्हणून अटक झाली, मग मंडळी कोर्टात गेली आणि जिंकली. लढाईत कोण कुठे लढले हे न्यायाधीशांनी ठरवायचे, हाच मुळात उफराटा प्रकार आहे.

लेखक : वेब यांची साक्ष वजनदार आहे, पण ती कधीची हेही पाहायला हवे. लढाईनंतर लगेच त्यांनी जो अधिकृत अहवाल पाठवला त्यात या पलटणीवर ठपका नाही. माथा राखण्यासाठी तिला वर बोलावले आणि ती शत्रूच्या फळीपासून चाळीस पावलांपर्यंत गेली, अशा अर्थाची नोंद आहे. पंचवीस वर्षांनंतरची साक्ष मात्र हुकूम न पाळल्याची. दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण अहवालात सेनानी आपल्या ब्रिगेडची अब्रू सांभाळतो आणि साक्षीत स्वतःची. वेब या ब्रिगेडवर आले होते लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी. धुरात आणि तोफांच्या आवाजात पुढे येऊन हातवारे करणारा हा अधिकारी कोण, हे फिलाडेल्फियाच्या बंबवाल्यांतून भरती झालेल्या त्या शिपायांना ओळखूही आले नसेल, असे मानायला जागा आहे. म्हणून ते गडग्यावरच होते असे सिद्ध होत नाही. एवढेच दिसते, की ज्या क्षणावरून भांडण आहे तो पाचदहा मिनिटांचा होता, आणि त्या मिनिटांचा एकही साक्षीदार तटस्थ नव्हता. मॅकडरमॉटही नाहीत. ६९वी ही बहुतांशी आयरिश पलटण. तिचा कर्नल डेनिस ओकेन जखमांनी गेला, दुय्यम अधिकारी मार्टिन चुडी जागीच ठार झाला. गडगा आमचाच, हे म्हणायचा जेवढा हक्क तिला होता तेवढा कोणालाच नव्हता. हक्क मोठा होता म्हणूनच त्यात वाटेकरी नको होता. आणि एक आकडा असा आहे जो कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. गेटिसबर्गला या ब्रिगेडची एकूण हानी ४९१. त्यातली ६९व्या पलटणीची १३७, ७१व्याची ९८, १०६व्याची ६४, आणि ७२व्याची १९२. चार पलटणींत सर्वांत जास्त रक्त मागे उभी होती म्हणवणाऱ्या पलटणीचे सांडले.

पूर्वपक्ष : हा आकडा तुम्ही आपल्या बाजूला ओढता, पण तो माझ्या बाजूचा आहे. ६९व्या पलटणीला गडग्याचा आडोसा होता. ७२वी माथ्यावर उघड्यावर उभी राहून गोळीबार करत होती, म्हणून ती जास्त कापली गेली. म्हणजे १९२ हा आकडाच सांगतो की ती मागे होती. आणि त्यात कमीपणा कुठला? आडोसा नसताना जागा न सोडणे हे उडी मारण्याहून अवघड. असे असताना या पलटणीने आपल्या खऱ्या पराक्रमाची जागा नाकारली आणि दुसऱ्यांच्या पराक्रमाची जागा मागितली. पुतळ्याचा आविर्भाव तर बघा. उगारलेला दस्ता म्हणजे हातघाई, म्हणजे शत्रू हाताच्या अंतरावर. जी पलटण माथ्यावरून गोळ्या झाडत होती तिला कांस्यात लाठीमार करायला लावले. जागा चुकीची, मुद्राही चुकीची, आणि दोन्ही चुका एकमेकींना दुजोरा देतात. बघणारा म्हणणार, असा त्वेषाने लढणारा शिपाई इथे उभा आहे, म्हणजे इथेच लढला असणार.

लेखक : आकड्याचा तुम्ही लावलेला अर्थ मला मान्य आहे. माथ्यावरची हानी हीच त्या पलटणीची कमाई होती, हेही मान्य. प्रश्न असा की त्यांनी ती का नाकारली. माणसे खोटारडी होती, हे उत्तर फार स्वस्त आहे. माथ्याची किंमत त्या काळी कोणी ठेवली होती का, ते पाहा. गडग्यामागचा झाडांचा लहानसा पुंजका आणि अँगल ही सगळ्या युद्धाची भरतीरेषा, दक्षिणेचा लोंढा इथवर चढला आणि इथून ओसरला, ही कल्पना ज्यांनी रुजवली ते बॅशेल्डरच. हा गृहस्थ लढाईनंतर लगोलग गेटिसबर्गला आला, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना भेटला, पत्रांचे ढीग जमवले; १८८०मध्ये काँग्रेसने इतिहास लिहिण्यासाठी त्याला ५०,००० डॉलर दिले. त्याच्या इतके या मैदानावर दुसऱ्या कोणी राबले नाही. पण साडेतीन-चार मैल पसरलेल्या, तीन दिवस चाललेल्या लढाईचा अर्थ एका झुडपाशी आणून बांधला तोही त्यानेच, आणि १८९२मध्ये तिथे ‘भरतीरेषे’चे वेगळे स्मारक उभे राहिले. एकदा केंद्र ठरले की केंद्रापासूनचे प्रत्येक पाऊल मानाचे किंवा अपमानाचे होते. शंभर यार्ड मागे याचा अर्थ १८६३मध्ये ‘राखीव फळी’ एवढाच होता. १८८८मध्ये त्याचा अर्थ ‘ऐन वेळी हातपाय गाळले’ असा झाला होता. केंद्र ठरवणाऱ्यांनीच मग केंद्रात गर्दी का करता म्हणून रागे भरावे, हे मला थोडे गमतीचे वाटते. शिवाय युद्धरेषेचा नियम दिसतो तितका निर्विकार नाही. हुकूम कुठे होता ते तो सांगतो. माणसे कुठे होती ते नाही. ७१वी पलटण गडग्यावर नेमलेली होती, पण दबाव वाढला तेव्हा तिच्यातला भाग कर्नल स्मिथने मागे घेतला. नियमाने तिची जागा पुढेच राहते. पुढे नेमलेला मागे आला तरी दगड पुढे, आणि मागे नेमलेला पुढे गेला तरी दगड मागे. फळी रचणाऱ्या सेनापतीच्या नजरेतून पाहिले तर हे चोख आहे. शिपायाच्या नजरेतून नाही. आणि आर्मिस्टेड पडला त्या जागी, गडग्याच्या आत, त्याची खूण १८८०च्या दशकातच लागली. शत्रूच्या जनरलला तो जिथवर पोचला तिथला दगड मिळतो, तर आपल्यालाही पोचलो तिथला का नको, असे फिलाडेल्फियाच्या शिपायाला वाटले असेल तर त्यात नवल काय?

पूर्वपक्ष : आर्मिस्टेडचे नाव काढलेत ते बरे झाले, कारण तुमच्या बाजूचा सगळ्यांत कच्चा दुवा तिथेच आहे. आर्मिस्टेडच्या खुणेला पलटणीचे स्मारक म्हणता येत नाही. दक्षिणेच्या माणसांनी जेव्हा खरेखुरे स्मारक मागितले तेव्हा काय झाले ते सांगा. १८८७ मध्ये पिकेटच्या डिव्हिजनचे माजी सैनिक गेटिसबर्गला आले, फिलाडेल्फिया ब्रिगेडच्या माजी सैनिकांनी त्यांचे स्वागत केले, मेजवान्या झाल्या. आपल्या डिव्हिजनचे स्मारक अँगलमध्ये असावे अशी त्या पाहुण्यांची इच्छा होती. संस्थेने हाच नियम पुढे केला. तुमची युद्धरेषा पलीकडच्या टेकाडावर होती, चढाई तिथून निघाली, दगड तिथे लावा. त्यांनी तो दुसऱ्याच वर्षी व्हर्जिनियातल्या रिचमंडला हॉलीवुड दफनभूमीत लावला. म्हणजे जे खरोखर गडग्यावर मेले, ज्यांच्या तिथल्या हजेरीबद्दल शत्रूलाही शंका नाही, त्यांना नियमाने बाहेर ठेवले. आणि ज्यांच्या हजेरीबद्दल त्यांच्याच सेनानीला शंका होती त्यांना कोर्टाने आत आणले. पेनसिल्व्हेनियाची जमीन, पेनसिल्व्हेनियाचा कायदा, पेनसिल्व्हेनियाचे पैसे, पेनसिल्व्हेनियाचे न्यायाधीश आणि पेनसिल्व्हेनियाची पलटण. याला तुम्ही शिपायाची नजर म्हणता, मी वशिला म्हणतो.

लेखक : घरच्या कोर्टात घरचा माणूस जिंकला, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. कायद्यापाठीमागे पैसा होता, आणि हयात सैनिकांच्या प्रतिनिधींचा शब्द जागा ठरवताना धरला जावा अशी त्या योजनेची घडणच होती. दक्षिणेकडच्यांना तसला आधार नव्हता. पण यातून मी काढतो तो निष्कर्ष तुमच्याहून वेगळा आहे. तुम्ही म्हणता, नियम मोडला म्हणून दगड खोटा ठरला. मी म्हणतो, नियम पाळला गेला तिथेही दगड कोणीतरी ठरवलेलाच होता. कल्प्स हिलवरचे मेरीलँडचे दक्षिणेकडचे स्मारक घ्या. १८८६मध्ये उभारलेले, दक्षिणेच्या पलटणीचे या मैदानावरचे पहिले. लढाईत त्या तुकडीचे नाव पहिली मेरीलँड बटालियन असे होते. पण उत्तरेच्या बाजूनेही मेरीलँडच्या ‘पहिल्या’ पलटणी तिथे लढल्या होत्या, घोटाळा नको म्हणून दगडावर मोठ्या अक्षरांत दुसरी मेरीलँड कोरायला लावले. नाव हे पलटणीचे सर्वांत जपलेले धन, आणि दगडावर तेच बदलले गेले, तेही सगळ्या परवानग्यांसह. या मैदानावर स्मारके आणि खुणा मिळून तेराशेच्या वर आहेत. त्यांतला एकही दगड आपोआप उगवलेला नाही. प्रत्येकामागे समिती आहे, वर्गणी आहे, मजकुरावरची ओढाताण आहे. मेलेल्यांनी एकही उभारला नाही. ते उभारले वाचलेल्यांनी, पंचवीस वर्षांनी, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, पुतण्या-नातवंडांसमोर. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की पलटणीचे स्मारक हे जबानी म्हणून वाचावे. जबानी देणाऱ्याला स्वार्थ असतो, हे धरूनच ती ऐकायची असते. ७२व्या पलटणीचा दगड वेगळा ठरतो तो अशासाठी, की त्याच्या जबानीची उलटतपासणी झाली आणि ती कागदावर उतरली. वेब काय म्हणाले, बॅशेल्डर काय म्हणाले, साधे शिपाई काय म्हणाले, हे त्या खटल्यामुळे नोंदले गेले. संस्थेने म्हटल्याप्रमाणे दगड माथ्यावर गपचूप लागला असता तर अँगलमधल्या त्या मिनिटांबद्दल शपथेवर बोलायची वेळ पुष्कळ शिपायांवर आलीच नसती.

पूर्वपक्ष : हा जबानीचा युक्तिवाद ऐकायला सुरेख आहे, पण त्याची दुसरी बाजू भयानक आहे. प्रत्येक दगड म्हणजे कोणाचे तरी म्हणणे, तर मग खरे काय झाले हा प्रश्न विचारायचाच नाही का? याच वाटेने जाऊन दक्षिणेने सांगायला सुरुवात केली, की युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, ते राज्यांच्या हक्कांसाठी होते. आमचीही एक जबानी आहे, तीही उभी राहू द्या. आणि ती राहिली. गावोगावी चौकात उभी राहिली. तुम्ही शंभर यार्डांना सवलत दिलीत की हजार मैलांना द्यावी लागते. नियमाचे मोल याचसाठी. तो कंटाळवाणा असतो, कोणाला खूश करत नाही, पण मोजपट्टी हातात ठेवतो.

लेखक : जबानी म्हणणे म्हणजे सगळ्यांना सारखे खरे म्हणणे नव्हे. जबानी तपासता येते, खोटी ठरवता येते, आणि तपासण्यासाठी बाकीचा पुरावा शाबूत असावा लागतो. दक्षिणेची राज्ये फुटताना त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच्या घोषणापत्रांत गुलामगिरीचे नाव घेऊन कारणे लिहून ठेवली आहेत. चौकातल्या पुतळ्याची जबानी त्या कागदापुढे टिकत नाही. आणि चौकातला पुतळा हा रणांगणावरचा साक्षीदारही नाही. तो जिथे उभा आहे तिथे त्याला उलट विचारणारा दुसरा दगड नसतो. अँगलमध्ये तसे नाही. ७२व्या पलटणीच्या पुतळ्याजवळ उभे राहिले की थोड्याच अंतरावर ६९व्या पलटणीचा दगड आहे, गडग्यावरच, १८८७चा. शेजारी तरुण अधिकारी अलोन्झो कुशिंगच्या तोफांची जागा. तो तोफेजवळच मेला आणि त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते थेट २०१४मध्ये. मध्ये आर्मिस्टेडची खूण. मागे माथा, जिथे वेब निशाण ओढत होते. सगळे साक्षीदार हाकेच्या अंतरावर. त्यांतला एक साक्षीदार हलवून माथ्यावर नेला तर मैदान अधिक खरे होणार नाही. १८८०च्या दशकात इथे भांडण झाले होते, याचा उघड्यावर दिसणारा पुरावा तेवढा जाईल. आणि ते भांडण त्या पिढीत मिटलेही नाही. फ्रँक हॅस्केल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लढाईनंतर काही आठवड्यांत भावाला पाठवलेल्या लांबलचक वृत्तांतात फिलाडेल्फिया ब्रिगेडची माणसे मागे सरत होती असे लिहिले होते. हॅस्केल १८६४मध्ये कोल्ड हार्बरला मारला गेला. त्याचा वृत्तांत १९०८मध्ये पुन्हा छापला गेला तेव्हा ब्रिगेडच्या म्हाताऱ्यांनी १९१०मध्ये त्याला खोडून काढणारे पुस्तक काढले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या दुपारसाठी, मेलेल्या माणसाशी! आणि हीच माणसे १९१३च्या सुवर्णमहोत्सवात त्याच गडग्यावरून पिकेटच्या माणसांशी हातात हात मिळवत होती. शत्रूशी समेट सोपा गेला. शेजारच्या पलटणीशी आणि आपल्याच सेनानीशी नाही.

मोजपट्टीबद्दल मात्र तुमच्याशी भांडतो. मोजपट्टी काय मोजते हेही विचारायला हवे. अँगलच्या जरा उत्तरेला, त्याच टेकाडावर, अब्राहम ब्रायन नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे बारा एकरांचे शेत आणि लहानसे घर होते. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले तेव्हा ते वाटेतल्या काळ्या माणसांना, स्वतंत्र असोत की पळून आलेले, धरून दक्षिणेला पाठवत होते. ब्रायन कुटुंबाने लढाईआधी घर सोडले. परत आल्यावर नासधुशीची हजाराहून अधिक डॉलर भरपाई मागितली; हातात पडले पंधरा. घर अजून आहे. पण युद्धरेषेच्या मोजपट्टीवर ब्रायनला जागा असण्याचा प्रश्नच येत नव्हता, कारण तो फळीत नव्हता. पलटणींच्या दगडांवर राज्य, ब्रिगेड, तारीख, मृतांचे आकडे असतात. कशासाठी मेले ते क्वचितच. न्यायालयाने शंभर यार्डांचा कीस काढला, आणि त्या टेकाडावर नेमके काय पणाला लागले होते हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या अर्जात नव्हता. ७२व्या पलटणीनेही तो मांडला नाही, संस्थेनेही नाही. या बाबतीत दोघांचे एकमत होते.

पूर्वपक्ष : ब्रायनला पुढे करून तुम्ही विषय मोठा केलात. मोठा विषय आला की लहान चूक सुटून जाते, ही युक्ती जुनी आहे. मी लहान चुकीपाशीच थांबतो. तुमचे सगळे साक्षीदार हाकेच्या अंतरावर आहेत, हे मान्य. पण येणारा पर्यटक उलटतपासणी करायला येत नाही. तो कांस्याच्या शिपायाचा फोटो काढतो. ६९व्या पलटणीच्या दगडाकडे पाहायला त्याच्याकडे वेळ नाही, त्या दगडाला हातात बंदूक नाही. जून २०१३च्या वादळात हा पुतळा चौथऱ्यावरून खाली कोसळला होता. लढाईला दीडशे वर्षे पूर्ण व्हायला आठवडाच उरला होता. तेव्हा प्रश्न नव्याने विचारता आला असता. दुरुस्त करून गुपचूप तिथेच परत बसवला. आणि त्याच्या दोन वर्षे आधी, २०११मध्ये, अमेरिकी टांकसाळीने राष्ट्रीय स्थळांच्या मालिकेत गेटिसबर्गचे पाव डॉलरचे नाणे काढले. त्यावर तेराशे दगडांपैकी कोणता छापला? हाच. उगारलेल्या दस्त्याचा शिपाई, मागे गडगा. कोर्टातून आत आलेला पुतळा आता सगळ्या लढाईचा चेहरा झाला. ६९व्या पलटणीने तो गडगा राखला, आणि नाण्यावर तिचे नाव नाही. तुमची जबानी नाण्यावर कशी वाचायची?

लेखक : पर्यटकाचा मुद्दा मी सोडत नाही. पाहणारा घाईत असतो म्हणून पुरावा हलवायचा नसतो, त्याच्यासमोर आणखी पुरावा ठेवायचा असतो. या जागेवरून खटला झाला होता, वेब यांनी विरुद्ध साक्ष दिली होती, आणि ७२व्या पलटणीचे १९२ पैकी बहुतेक बहुधा माथ्यावर पडले, एवढे चार ओळींत चौथऱ्याजवळ लिहिता येईल. त्याने पलटणीची अब्रू जाणार नाही, उलट माथ्यावरच्या माणसांना त्यांची जागा प्रथमच मिळेल. वादळाने पाडलेला पुतळा परत तिथेच बसवला हेही योग्यच झाले, फक्त गुपचूप बसवायला नको होता.

नाण्यापुढे मात्र माझा युक्तिवाद थांबतो. तो सगळा शेजारावर उभा होता, म्हणजे ६९व्या पलटणीचा दगड जवळ आहे, माथा मागे दिसतो, आर्मिस्टेडची खूण मधे आहे, म्हणून पुतळ्याचे म्हणणे एकट्याचे राहत नाही, यावर. टांकसाळीने नेमके शेजार कापून टाकले. उरला तो एक शिपाई आणि एक गडगा, आणि दोघांमधले नाते सांगायला दुसरे कोणी नाही. ते चित्र निवडणाऱ्यांना खटला ठाऊक होता की नव्हता, याने फरक पडत नाही. चित्र म्हणून तो पुतळा मैदानावर सर्वांत जिवंत आहे, एवढे कारण त्यांना पुरले असणार. पलटणीच्या म्हाताऱ्यांनी तोच आविर्भाव निवडला तेव्हा त्यांनाही तेच हवे होते. तिथे तुम्ही बरोबर आहात.